हुलग्यांच्या कडेने

पडण्याचे कारण रस्ता होता, गाडी होती की मी होते, हा या लेखनाचा प्रश्न आहे. पर्याय तीनच आहेत म्हणून तो सोपा समजू नये. माझ्या स्कूटरची किल्ली त्याच्या उत्तरावर अवलंबून होती. ती किल्ली आमच्या ह्यांनी कपाटाच्या कुलपात ठेवली होती, आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात. उत्तर माझ्याविरुद्ध गेले तर स्कूटर विकायची, असे आम्हा दोघांत ठरले होते. ठरले होते म्हणजे ह्यांनी सांगितले आणि मी, हात झोळीत असल्यामुळे, फारसा प्रतिकार करू शकले नाही.

प्रथम आवश्यक तेवढी माहिती देते. मी शिरूरच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. नोकरी संपत आली तेव्हा विनागिअरची स्कूटर घेतली. तोवरचे माझे आयुष्य कोणाच्या तरी मागे बसून किंवा एसटीची वाट पाहत गेले होते. माझे माहेर दौंड तालुक्यातले राहू. थोरली बहीण, जिला मी आक्का म्हणते, अजून तिथेच राहते. तिच्या गुडघ्यांनी प्रवासाला कायमचा नकार दिला आहे. ती येऊ शकत नाही, म्हणून मी जाते. न्हावरे मागे टाकावे, भीमेचा पूल ओलांडावा, दोन्ही बाजूंना ऊस लागला की वेग आपोआप कमी करावा, आणि आक्काच्या दारात हॉर्न न वाजवता थांबावे, कारण हॉर्न वाजवला तर ती धडपडत उठते. दर पंधरा दिवसांनी हा क्रम मी पाळत असे. एसटीने गेल्यास याच भेटीला दोन गाड्या बदलाव्या लागतात, आणि परतीची वेळ पाहत अर्धा जीव घड्याळात ठेवावा लागतो. म्हणून किल्लीचा प्रश्न मला एका वाहनापुरता वाटत नव्हता.

आता घटना. मार्गशीर्षातला गुरुवार होता. कवठे येमाईच्या अलीकडे एका वस्तीवर माझ्या जुन्या सहशिक्षिकेने मला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावले होते. मी ठेवणीतले लुगडे नेसले, अंबाडा घातला, त्यावर शेवंतीचा गजरा माळला, त्यावर हेल्मेट चढवले. डिकीत नारळ आणि खण ठेवला. सकाळचे अकरा वाजले होते, रस्ता कोरडा होता, पोट मुद्दाम रिकामे ठेवले होते.

त्या दिवसांत आमच्या तालुक्यातल्या जिरायती भागातून जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: डांबरी रस्ता हे तिथले सार्वजनिक खळे असते. हुलगे, म्हणजे कुळीथ, उपटून आणले की त्यांचे वाळलेले वेल शेंगांसह रस्त्याच्या एका बाजूवर जाड अंथरतात. दिवसभर जीपगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली त्यावरून जातात आणि फुकटात मळणी होते. संध्याकाळी मालकीण येऊन वेल झटकते, दाणे झाडून घेते, वारा पाहून पाखडते. बैल सांभाळायला नको आणि यंत्राची पाळी लावायला नको. रस्ता बांधणाऱ्या खात्याला हे मान्य नाही, असे म्हणतात. पण हुलग्यांना ते कोणी कळवलेले दिसत नाही.

एका वळणानंतर असा एक थर माझ्या बाजूला पसरलेला होता. समोरून कांद्याच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो येत होता. त्यानंतर आकाश दिसले. ते नको तितके रुंद होते.

दवाखान्यात हासळीचे हाड मोडल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी हात झोळीत बांधून सहा आठवड्यांची शिक्षा सुनावली. डोके, कणा, पाय, सर्व शाबूत होते. त्याच संध्याकाळी मी डाव्या हाताने वहीत दोन वाक्ये लिहिली: "रस्त्यावर हुलगे पसरलेले होते. त्यांच्यावरून गाडी घसरली." पुढे कंसात लिहिले, "हेल्मेटमुळे डोके वाचले." निरीक्षण ताजे असतानाच लिहावे, असे मी वर्गात नेहमी सांगत आले. ताजे निरीक्षण चुकीचेही असू शकते, हे सांगायचे मात्र कधी सुचले नाही.

यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. आयुष्यभर त्यांनी अपघातग्रस्त गाड्यांच्या पोटात शिरून कारणे शोधली. त्यामुळे बायको पडली तेव्हा पहिला दिवस त्यांनी काळजी केली आणि दुसऱ्या दिवशी गाडीखाली शिरले.

"ब्रेक बरोबर. टायर बरोबर. हवा बरोबर," बाहेर येऊन ते म्हणाले. "हँडलचा बॉल रेससुद्धा बघितला. गाडीत दोष नाही."

"गाडीत दोष आहे असं मी म्हटलंच नव्हतं."

"तू म्हणशील म्हणून आधीच सांगतोय. त्या गाडीचं काम मी स्वतः करतो."

एक पर्याय असा निकालात निघाला. उरले दोन. तेव्हा ह्यांनी डेपोचा नियम काढला. तिथे म्हणे अपघात झाला की ड्रायव्हरच्या हातात लगेच गाडी देत नाहीत. आधी चौकशी. दोष रस्त्याचा ठरला तर ड्रायव्हर परत कामावर. दोष ड्रायव्हरचा ठरला तर त्याचे काय करायचे ते वरचे साहेब ठरवतात.

"आणि इथं वरचे साहेब कोण?" मी विचारले.

त्यांनी सदऱ्याचा खिसा थोपटला.

सहा आठवडे मी ही अट मनात घोळवली आणि प्रत्येक वेळी निश्चिंत झाले. हुलगे गोल असतात, गोल वस्तूंवर दुसरी वस्तू सहज सरकते, रस्ता हुलग्यांनी भरलेला होता. सिद्धता पूर्ण. मी तर निकालपत्रसुद्धा मनात लिहून ठेवले होते. आक्काचा दर दोन दिवसांनी फोन येई.

"काय गं, तुझ्या कोर्टाचं काय झालं?"

"तारीख पडली आहे, आक्का. हात सुटला की जागेवर जाऊन पाहणी."

"पाहणी कसली करतीस? हुलग्यांना साक्षीला बोलावणार का? ते तर कवाच कुणाच्या तरी पिठल्यात गेलं आसंल." मग जरा थांबून ती म्हणे, "लवकर उरक बाई. भिंतीशी किती बोलायचं माणसानं? भिंत हुंकार पण देत न्हाई."

झोळी सुटली तोवर संक्रांत होऊन गेली होती. आम्ही दोघे ह्यांच्या मोटारसायकलवरून पाहणीला निघालो. मी मागे बसले होते, आणि मागे बसणे किती नकोसे आहे याचा प्रत्यय दर खड्ड्याला घेत होते. ह्यांच्या पिशवीत मापाची टेप आणि खडू होता. खडू माझ्याच संग्रहातला.

तेच वळण, तीच जागा. आता तिथे हुलगे नव्हते, तूर होती. पण अंथरण्याची पद्धत तीच आणि मालकीणही तीच: सत्तरीच्या आसपासची, काष्टा घट्ट खोचलेली, हातात खराटा. मी पडले तेव्हा तिने आणि तिच्या सुनेने मला उचलून बांधावर बसवले होते, गूळ-पाणी दिले होते आणि शिरूरला जाणाऱ्या जीपमध्ये बसवले होते. एवढे मला आठवत होते. तिने मला ओळखले त्याआधी माझे तेच ठेवणीतले लुगडे ओळखले असावे, कारण ती सुनेला ओरडून म्हणाली, "अगं ये, उडत्या बाई आल्या बघ!"

ह्यांना हसू आवरेना. ते टेप घेऊन वळणाकडे मापे घ्यायला गेले, आणि मी जबानी घ्यायला म्हातारीजवळ थांबले.

"मावशी, त्या दिवशी नेमकं काय झालं, तुम्ही पाहिलं होतं का?"

"पाह्यलं म्हंजी? आवं, समद्या वस्तीला शंभरदा सांगून झालंय. ऐका." तिने खराटा स्कूटरच्या हँडलसारखा दोन्ही हातांत आडवा धरला. "तुम्ही अशा आला. सरळ. डोक्यावर ती टोपी. मला वाटलं, आता वरून जात्यात, बरंच झालं, मघापासनं गाड्याच न्हवत्या. तर तुम्ही हिथं आल्या आन् एकदम गाडी आशी कडंला घातली." खराटा डावीकडे वळला. "कडंला! मातीच्या न् वेलाच्या मधून! आन् वर ब्रेक मारला. मंग काय, गाडी एकीकडं, नारळ एकीकडं, आन् तुम्ही आमच्या हुलग्यात."

"मी हुलग्यांवरून गेले नाही?"

"न्हाई वं! समदी दुनिया वरून जाती. तुम्हीच एकल्या कडंनं."

मी वही उघडली नाही. उघडण्याची गरज नव्हती. खराटा डावीकडे वळला त्या क्षणी माझ्या हातांना ते वळण आठवले होते. पुढे धान्य पसरलेले दिसले, आणि धान्यावर गाडी घालायची या कल्पनेने माझ्या बोटांनी ब्रेक दाबला होता. आमच्या राहूकडे पाण्याखालची शेती. रस्त्यावर सांडला तर ऊस सांडतो, तो कोणी मळत नाही. धान्य असते ते घरात, आणि त्याला पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलेले. इतकी वर्षे शिरूरला राहून मी ही रस्त्यावरची मळणी दुरून पाहिली होती. जायची वेळ आली की मी थांबे, किंवा समोरची बाजू मोकळी असली तर तिकडून जाई. त्या दिवशी समोर टेम्पो होता.

"मावशी, धान्य तुडवू नये म्हणून मी कडेने घेतली," मी म्हणाले. माझा आवाज वर्गात चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलीसारखा निघाला.

म्हातारी खराट्यावर रेलून जी हसू लागली, ती सून धावत येईपर्यंत थांबली नाही.

"ऐकलंस का गं? तुडवू नये म्हणून! आवं बाई, तुडवायलाच टाकलंय! तुम्ही वरून गेला असता तर माझ्या चार शेंगा जास्त फुटल्या असत्या. मान राखायला गेला आन् हाड मोडून घेतलं!"

"पण कडेला घसरलं कसं? कडेला तर वेल नव्हते."

"म्हणूनच! वेल हाय तिथं टायर धरतं. मोकळं दाणं समदं कडंला. हे बघा की." तिने खराट्याने तुरीच्या थराची कड उकरून दाखवली. काडी-कचरा जवळजवळ नव्हता. सुटे, स्वच्छ, गोल दाणे डांबरावर पसरलेले होते.

रस्त्याचा मधला भाग पाणी निघून जावे म्हणून किंचित उंच ठेवलेला असतो. चाकाखाली शेंग फुटते, दाणा उडतो आणि उताराने कडेकडे घरंगळतो. वेल मात्र जिथल्या तिथे गुंतून राहतात. म्हणजे दिवस चढतो तसा थरावर सांगाडा उरतो आणि कडेला छर्रे जमतात. हे सर्व मला माहीत होते. ते मी फळ्यावर आकृती काढून शिकवले होते. फक्त त्या आकृतीत हुलगे नव्हते आणि मी नव्हते.

मी निघणार तेवढ्यात म्हातारीने आणखी एक पुरावा पुढे केला. "आन् ती टोपी कशाला घालता वं तुम्ही? ती तर तुमच्या आधीच पळाली. तुम्ही खाली यायच्या आत ती नाल्यात पोचली व्हती. आमच्या सुनेनं काढून दिली."

अंबाडा आणि गजरा यांच्या वर हेल्मेट बसवल्यावर पट्टा हनुवटीखाली पुरत नव्हता. म्हणून मी तो लावला नव्हता. कंसातले वाक्यही खोटे ठरले. माझे डोके वेलांच्या जाड थराने वाचवले होते. ज्या पिकाला चाक लागू नये म्हणून मी धडपडले, त्यावर मी सगळीच्या सगळी जाऊन आडवी झाले होते, आणि त्याने ते निमूटपणे सोसले होते.

ह्यांची मापे अजून चालली होती. ते वळणाजवळ वाकून खडूने रेघा मारत होते, आणि मागून येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला त्यांना हात करून "काय आबा, रस्ता विकत घेताय काय?" असे विचारून जात होता. म्हातारीची जबानी त्यांनी ऐकली नव्हती. मी दोन वाक्यांची वही जशीच्या तशी मिटून ठेवली असती तर निकाल माझ्या बाजूने लागला असता. रस्त्यावर हुलगे होते, एवढे खरेच होते. मी बांधावर बसून हा विचार पुरेसा वेळ केला. किती वेळ, ते सांगत नाही. एवढेच सांगते की तेवढ्यात दोन ट्रॅक्टर आणि एक दुधाची गाडी तुरीवरून सरळ गेली आणि कोणी पडले नाही.

ते परत आले. "वळणाचा कोन वाईट आहे," ते म्हणाले. आवाजात उदारपणा होता. माणूस मला सोडवायला निघाला होता. "लांबून थर दिसतच नाही. रस्त्याचाच दोष म्हणावा लागेल."

"नाही," मी म्हणाले. "दोष माझा आहे." आणि खराटा, कड, ब्रेक, पट्टा, सर्व क्रमाने सांगितले.

त्यांनी टेप गुंडाळली. ते काम ते फारच सावकाश करत होते. "मग ठरल्याप्रमाणे विकायची," शेवटी म्हणाले. आनंद त्यांनाही झालेला दिसला नाही.

"अहो, पण अटच उलटी आहे," मी म्हणाले. हे वाक्य मी तयार केले नव्हते. ते बोलताना मलाच पटत गेले. "दोष रस्त्याचा असता तर मी गाडी आपण होऊन विकली असती. रस्ता मला दुरुस्त करता येत नाही, आणि मळणी दरवर्षी होणार. दोष माझा निघाला हे चांगलं झालं. तो एकच दोष माझ्या हातात आहे. डेपोत तुम्ही काय करता? बिघाड सापडला की गाडी भंगारात काढता का?"

"हे वकिली बोलणं झालं."

"मग खोडून काढा."

शिरूर येईपर्यंत ते खोडून काढत राहिले. मागे बसून मला फक्त त्यांची मान हलताना दिसत होती. घरी चहा झाल्यावर त्यांनी आपला आक्षेप मांडला, आणि तो रास्त होता. "वेलावर टायर धरतं आणि मोकळ्या दाण्यावर घसरतं, हे त्या मावशीचं म्हणणं. तू ते कारण म्हणून धरलंस. पण पाहिलंस का? का पुन्हा ऐकून वहीत लिहिलंस?"

मी उठले. स्वयंपाकघरातून दोन सारखे पाट आणले. एकावर डब्यातले हुलगे सुटे पसरले. दुसऱ्यावर, हुलग्याचे वेल घरात नसल्यामुळे, परसातल्या घेवड्याचे वाळलेले वेल शेंगांसकट अंथरले. बियाण्यासाठी राखलेल्या त्या घेवड्याकडे पाहून ह्यांना वाईट वाटले, पण विज्ञानापुढे ते बोलले नाहीत. दोन्ही पाटांवर एकेक करून तोच पितळी डबा ठेवला आणि पाटाचे एक टोक एकेका पुस्तकाने उचलत गेलो. सुट्या हुलग्यांवरचा डबा पहिल्याच पुस्तकाला निघाला आणि थेट ह्यांच्या पायावर उतरला. वेलांवरचा डबा चार पुस्तके झाली तरी जागचा हलला नाही. पाचव्याला सरकला, तोही अडखळत.

"दाणे जास्त टाकलेस," ते म्हणाले. कमी करून पाहिले. "पाट गुळगुळीत आहे." पाट बदलून पाहिले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने तीनदा केले, प्रत्येक वेळी पाय मागे घेऊन. तिसऱ्यांदा डबा खाली आला तेव्हा त्यांनी तो उचलला नाही. सदऱ्याच्या खिशात हात घातला.

किल्ली हातात देण्याआधी त्यांनी मला नियम म्हणायला लावले, आणि मी ते उभे राहून म्हटले. थर लांबून दिसला की गाडी सरळ असतानाच वेग कमी करायचा. थरावर आणि थराच्या कडेला ब्रेक नाही, वळण नाही. शंका आली किंवा समोरून वाहन असले तर थांबायचे, उतरायचे आणि गाडी हाताने ढकलत न्यायची. त्यात अपमान काही नाही. पडलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नाही. नवे घ्यायचे, आणि त्याच्या पट्ट्यासाठी अंबाड्याची वेणी करायची. मालकीण जवळ असली तर तिला विचारायचे.

"आणि धान्याला नमस्कार?" त्यांनी विचारले.

"पलीकडे गेल्यावर. गाडी स्टँडवर लावून."

त्या आठवड्यात मी राहूला गेले. पुलावर थांबून आक्काला फोन केला की येते आहे, उठू नकोस. ती अर्थातच उठून दारात उभी होती.

हा निष्कर्ष मी एका घरात, दोन पाटांवर आणि एका पितळी डब्यावर काढला आहे. माझी पहिली दोन वाक्ये किती आत्मविश्वासाने चुकली होती, ते आपण वाचलेच आहे. म्हणून विनंती एवढीच: माझ्या सांगण्यावर जाऊ नका. दोन पाट घ्या, मूठभर हुलगे घ्या, थोडे वाळलेले वेल घ्या, आणि स्वतः करून पाहा.